वुडांग पर्वत: दिवसाला किती माणसं सोडायची?

कान्हेरी_फेरी: मंडळी, वारसास्थळांच्या प्रकल्पासाठी चीनच्या हुबेई प्रांतातला वुडांग पर्वत घेतलाय (ताओ देवळं, युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून). तुलनेला कान्हेरी. दिवसाची गर्दीची मर्यादा काढायची आहे. क्षेत्रफळ भागिले माणशी जागा, एवढंच का? आणि वुडांगला पूजाअर्चा चालू आहे, त्याने काय फरक पडतो?

चौथरा: दिवसाचा आकडा फसवा. तासाचा काढा, तोही सगळ्यात अरुंद जागेचा. वुडांगला ती जागा माथ्यावर, १६१२ मीटरवर. तिथलं १४१६ सालचं सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं देऊळ आपल्या एखाद्या खोलीएवढं. समजा समोरचं अंगण १२० चौ. मी., माणशी १.५ चौ. मी. म्हणजे एका वेळी ८०. प्रत्येक जण १० मिनिटं थांबला तर तासाला ४८०. रोपवेने तासाला ८०० माणसं वर आणली की दर तासाला ३२० पायऱ्यांवर साठत जातात. दिवसाची बेरीज कागदावर बसते आणि चेंगराचेंगरी जिन्यात होते. धुकं, ओला दगड असेल तर ४८० सुद्धा कमी करा. मांढरदेवच्या यात्रेतली २००५ ची चेंगराचेंगरी आठवा: अरुंद चढ, नारळाच्या पाण्याने निसरड्या पायऱ्या.

म्हणून नळ खालीच बंद करायचा. वुडांगला खासगी गाड्या पायथ्याशी राहतात, वर जायला तिथल्याच बस. बसफेऱ्या कमी केल्या की माथा आपोआप मोकळा. शिवाय चीनच्या २०१३ च्या पर्यटन कायद्याने कमाल क्षमता जाहीर करणं बंधनकारक आहे.

धूपदाणी: पूजेचा फरक मोठा आहे. पुजारी आणि भाविक यांना पर्यटकांच्या हिशेबात धरू नका. त्यांची वेळ आधी वजा करा, उरलेली वाटा. उदबत्त्या तीनच (ताओ रिवाजही तोच), धूपपात्र वाळूचं, उघड्यावर, लाकडी छपरापासून लांब. काजळी मुलाम्यावर बसते, मग कुणीतरी चिंच-राख घेऊन घासायला जातं. मुलामा अतिशय पातळ असतो, घासला की गेलाच.

जुना_वाडा: गर्दीपेक्षा भाड्याने दिलेल्या खोल्या जास्त घातक, हे कुणी लिहीत नाही. वुडांगच्याच युझेन महालाची मुख्य इमारत जानेवारी २००३ मध्ये जळाली. तिथे मार्शल आर्ट्सची शाळा चालायची आणि वायरिंग निष्काळजीपणे ओढलेलं होतं. लाकडी वास्तूत वापर बदलला की आधी विजेचा भार तपासा. तात्पुरत्या वायरी तात्पुरत्या राहत नाहीत. पुढे दानजियांगकोऊ धरणाची पातळी १५७ वरून १७० मीटर करायची ठरली, तेव्हा त्याच महालाचे तीन दरवाजे जॅकवर १५ मीटर उचलले. दगड-विटांना ताण सोसत नाही, त्यामुळे आधी बांधकाम आवळून घ्यायचं आणि मग सगळे जॅक एकसमान चढवायचे. एक कोपरा मागे राहिला की तडा.

कान्हेरी_फेरी: आभार. मग कान्हेरीची अरुंद जागा कुठली धरू? तीन नंबरच्या चैत्याचा दरवाजा?

चौथरा: अंदाजाने धरू नका, मोजा. पावसाळ्यातला रविवार घ्या, दर १५ मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी आत गेलेले आणि बाहेर आलेले लिहा. जिथे फरक वाढतच राहील ती जागा. नळ मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीतल्या मुख्य दारावरच. लेण्यांपाशी माणूस सहाएक किलोमीटर आत आलेला असतो, त्याला परत कोण पाठवणार?