सत्ता की अधिकार? आणि प्रतिनिधी नेमका कोणाचा?

प्रश्न : राजेशाही आणि प्रातिनिधिक शासन यांची तुलना करणारा एक लेख मराठीत आणतोय. मी सगळीकडे 'सत्ता' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी निम्म्या ठिकाणी खोडून 'अधिकार' केलं. या दोन शब्दांत खरंच फरक आहे की नुसती आवडनिवड?

उत्तर : फरक आहे, आणि तो क्रियापदांत सापडतो. सत्ता येते, जाते, हाती लागते, बळकावली जाते. अधिकार दिला जातो, काढून घेतला जातो. 'सैन्याने सत्ता बळकावली' सहज म्हणतो, 'अधिकार बळकावला' कानाला खटकतं. अधिकार म्हटला की तो देणारा कोणीतरी मागे उभा असतो. संस्कृतात 'सत्ता' म्हणजे नुसतं असणं, अस्तित्व. ती आहे म्हणून आहे! तेव्हा 'याचं आम्ही का ऐकावं?' असा मुद्दा असेल तिथे अधिकार. 'न ऐकून जाल कुठे?' असा असेल तिथे सत्ता. बाईंचं बरोबर वाटतं.

दुसरं मत : इतकं सरळ नाही हो. निवडणुकीनंतर 'जनतेने सत्ता सोपवली' म्हणतोच की आपण. शिवाय 'त्यांचा या विषयातला अधिकार मोठा' म्हणतो, तो कोणी दिलेला असतो? तो योग्यतेतून येतो. म्हणजे राजाचा जन्म आणि प्रतिनिधीला मिळालेलं मत यांखेरीज अधिकाराला तिसराही आधार आहे.

उत्तर : मान्य. 'सोपवली'मुळे माझा नियम थोडा सैल झाला. पण तिथेही 'जनतेने' हा कर्ता लागतोच, बळकावताना लागत नाही.

तिसरं मत : एक जोड. 'लोकशाही'तली 'शाही' फारसी शाहाची, म्हणजे राजाचीच. आदिलशाही, निजामशाही, त्याच साच्यात लोकशाही. 'प्रजा'चा मूळ अर्थ अपत्य, म्हणजे राजा बाप आणि बाकीची लेकरं. तरी आपण 26 जानेवारीला 'प्रजासत्ताक दिन' म्हणतो. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत मात्र 'लोकशाही गणराज्य' आहे, आणि मला तेच बरं वाटतं.

लेखात लोकशाही आणि प्रजासत्ताक एकाच अर्थाने वापरू नका. ब्रिटन, जपान, नॉर्वे इथे लोकशाही आहे, प्रजासत्ताक नाही. नॉर्वेचं तर गमतीदार आहे. 1905 साली स्वीडनपासून वेगळं झाल्यावर डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादी देऊ केली, तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, कौल राजेशाहीच्या बाजूने पडला आणि तो हाकोन सातवा झाला. घराणं राजाचं, पण आधार मतपेटीचा. पाली साहित्यातल्या पहिल्या राजाचं नाव 'महासम्मत' आहे, म्हणजे लोकांनी संमती दिलेला. कल्पना तशी जुनीच.

प्रश्नकर्ता : मग 'प्रातिनिधिक शासन' तरी निर्धोक आहे ना?

तिसरं मत : निर्धोक आहे, पण शब्दाचा इतिहास बघा. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या जागी ठेवलेला. राजाराम महाराजांनी जिंजीत प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' हे पद दिलं, ते अष्टप्रधानांच्याही वरचं. हा प्रतिनिधी छत्रपतींचा, लोकांचा नव्हे. आज शब्द तोच आहे, मालक बदलला. पुढे हे पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात गेलं, त्याच घराण्याकडे औंध संस्थान आलं आणि तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1939 मध्ये संविधान देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला.

दुसरं मत : म्हणजे तिथे लोकांना अधिकार राजाने दिला. मग ते राज्य कोणाच्या अधिकारावर चाललं, राजाच्या की लोकांच्या? तुमच्या नियमाप्रमाणे देणारा राजाच ठरतो.

उत्तर : ठरतो खरा, निदान पहिल्या दिवशी. प्रश्नकर्त्याने औंधचा उल्लेख लेखात केलाच तर 'सत्ता सोडली' लिहावं, 'अधिकार दिला' नको. त्याने वाद मिटत नाही, पण वाक्य खोटं ठरत नाही.