मदत हवी आहे : बाबांचा जुना एमपी३ प्लेअर लॅपटॉपला दिसत नाही

नमस्कार मंडळी, मी इंदूरहून लिहितोय. बाबांच्या ४ जीबीच्या प्लेअरमध्ये आजीच्या ओव्या आहेत, त्याच्याच व्हॉइस रेकॉर्डरवर टिपलेल्या. आजी आता नाही आणि दुसरी प्रत कुठेच नाही. हेडफोन लावला की सगळं स्वच्छ ऐकू येतं. मागे कपबशीचा आवाज, आणि मध्येच ती विचारते, "अरे, चालू आहे ना ते?"

विंडोज १० च्या लॅपटॉपला जोडला तर आधी नुसतं चार्जिंग व्हायचं. केबलमध्ये डेटाच्या ताराच नव्हत्या. डेटा केबल आणली, हब काढून थेट पोर्टात लावली. आता जोडल्याचा आवाज येतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एमटीपी' (प्लेअरमधल्या फाइल लॅपटॉपला दाखवायची एक पद्धत) या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो, पण फोल्डर काही उघडत नाही. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून पुन्हा जोडलं, तरी तेच.

जेल रोडवरच्या एका दुकानदाराने सरळ "फॉरमॅट मारून देतो" म्हटलं. मी प्लेअर उचलून घरी आलो.

सेटिंगमध्ये यूएसबी मोड 'एमटीपी'चा 'एमएससी' करता येतो. म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा दिसेल, असं वाचलंय. मोड बदलल्याने रेकॉर्डिंग पुसलं तर जाणार नाही ना? कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. तोवर हेडफोनच्या भोकातून ऑक्स केबलने लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवू का? त्यासाठी लॅपटॉपला वेगळं माइक इनपुट लागतं का?