हेंडन: १५ मतांची सीट पुढच्या वेळी कुणाची?

कोलिंडेलकर: २०२४ ला लंडनच्या हेंडनमध्ये लेबरचे डेव्हिड पिंटो-डुशिन्स्की १५,८५५ आणि कन्झर्व्हेटिव्हचे अमित जोगिया १५,८४०. फक्त पंधरा मतांचा फरक! माझं स्पष्ट मत, पुढच्या वेळी ही सीट लेबरकडून जाणार. सुनक यांच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारवर लोक एवढे चिडलेले असतानाही लेबरने इथे जेमतेम निभावलं, मग आता स्वतःच्या कारभाराचा हिशोब द्यायची वेळ आल्यावर काय टिकणार?

मिलहिलवाला: इतकं सरळ नाहीये हो. रिफॉर्म या उजव्या पक्षाने इथे घेतलेली मतं पंधराच्या कैकपट होती, त्यातली थोडी जरी जोगियांकडे वळली असती तरी ते खासदार झाले असते. ती फूट वाढली तर लेबर आत्तापेक्षा कमी मतांत पण निघून जाईल, इथे पन्नास टक्क्यांची अट थोडीच आहे.

कोलिंडेलकर: फूट काय फक्त उजवीकडेच पडते का? गाझावरून डावे नाराज, लेबर सरकारने पॅलेस्टाईनला मान्यता दिली म्हणून बरेच ज्यू मतदार नाराज, आणि इथे ज्यू वस्ती मोठी आहे. २०१९ ला ज्यूविरोधाच्या वादात सापडलेले कॉर्बिन लेबरचे नेते असताना हेच पिंटो-डुशिन्स्की ४,२३० मतांनी पडले होते.

भाडेकरू_एनडब्ल्यू९: आणि आपलं भारतीयांचं काय? याच मतदारसंघातल्या कोलिंडेलच्या नव्या टॉवर्समध्ये व्हिसावर आलेले कितीतरी भारतीय राहतात आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं की कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला पार्लमेंटसाठी मत देता येतं, भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. शेजारच्या बर्न्ट ओकमधल्या रोमेनियन नागरिकांना हा हक्क नाही, आपल्याला आहे, आणि आपण ऑनलाइन नाव पण नोंदवत नाही! पंधरा मतं म्हणजे एका मजल्यावरची माणसं, हे मला खरंच सहन होत नाही.

मिलहिलवाला: नोंदवावं, शंभर टक्के. पण ती मतं लेबरला का जातील? आयएलआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, ५ ऐवजी १० वर्षं थांबवायचा प्रस्ताव त्यांनीच आणला ना.

भाडेकरू_एनडब्ल्यू९: रिफॉर्म तर आयएलआरच बंद करणार म्हणतं! मग त्यांना रोखू शकेल त्यालाच मत द्यायचं.

कोलिंडेलकर: म्हणजे भीतीपोटी मत. दहा वर्षं ताटकळत ठेवणाऱ्याला मी तरी देणार नाही, मग सीट कुणाकडेही जाऊ दे.