चौथ्या भागातली गाडी पाचव्या भागातल्या गाडीपेक्षा खरी का वाटते?

तापीकाठ, जळगाव

नमस्कार. सध्या मी ग्रँड थेफ्ट ऑटो (जीटीए) या व्हिडिओ गेम मालिकेतील जुने भाग क्रमाने पुन्हा खेळत आहे आणि एका प्रश्नाचे उत्तर काही केल्या सापडत नाही. मालिका जसजशी पुढे जाईल तसतसा खेळ अधिक वास्तवदर्शी होईल, अशी आपली साधी अपेक्षा असते. चित्रांच्या बाबतीत ती खरी ठरते, पण गाडी, शरीर, पोलीस, वेळ यांच्या वागण्यात तसा सरळ चढता क्रम मला कुठेच दिसत नाही.

व्हाइस सिटी या भागात (2002) नायक टॉमी खोल पाण्यात पडला की संपलाच. 2004 च्या सॅन अँड्रियासमध्ये नायक सीजे नुसता पोहायलाच लागला असे नाही. बर्गर-पिझ्झा जास्त झाला की त्याचे पोट सुटते, आणखी खाऊ घातले तर तो तिथेच ओकतो, व्यायामशाळेत नेले तर दंड भरतात आणि बराच काळ उपाशी ठेवले तर आधी चरबी व मग कमावलेले स्नायूही झडू लागतात. 2008 मध्ये फोर, म्हणजे चौथा भाग, आला आणि पोहणे सोडून हे सारे काढून टाकले गेले. त्याचा नायक निको याला वजन नाही, भूकही नाही. खाल्ले की आरोग्याची पट्टी भरते, एवढेच. मात्र त्याच निकोची गाडी जोरात आदळली तर तो समोरची काच फोडून रस्त्यावर फेकला जातो, दारू प्यायला तर त्याला धड चालता येत नाही आणि रस्त्यावर उभी असलेली बंद गाडी पळवायची तर आधी कोपराने काच फोडून मग वायर जुळवत बसावे लागते. 2013 च्या फाइव्हमध्ये, म्हणजे पाचव्या भागात, समुद्राच्या तळापर्यंत सगळे पाहता येते, पण गाड्या रस्त्याला चिकटून धावतात आणि हवेत उडालेली गाडीसुद्धा आपल्याला हवी तशी वळवता येते.

तेव्हा माझा प्रश्न असा की, हे तंत्राच्या मर्यादेमुळे घडले की बनवणाऱ्यांनी ठरवून केले? आणि ठरवून केले असेल तर कोणत्या हिशेबाने?

केळीपट्टा, सावदा

आमच्या घरी केळी वाहतुकीचा व्यवसाय आहे, म्हणून मी फक्त गाडीपुरते लिहितो. रावेर-सावद्याकडून घड भरून निघालेला ट्रक आणि माल उतरवून परत येणारा तोच ट्रक, या चालवणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या असतात. भरलेल्या गाडीचे पाटे दबलेले असतात, वळणावर बॉडी बाहेरच्या अंगाला झुकते आणि स्टिअरिंग सरळ केले तरी ती लगेच सरळ होत नाही, क्षणभर डोलते आणि मग बसते. कन्नड घाट उतरताना मुरलेला ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून राहत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्या जोरावर धरून ठेवतो, कारण ब्रेक एकदा तापले की ऐन वळणावर लागेनासे होतात.

यातील ब्रेक तापणे किंवा मालाचे वजन जीटीएच्या कोणत्याही भागात नाही. परंतु वजन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला वेळ लागतो, ही गोष्ट फोरमध्ये हाताला जाणवते. फोरमधील लिबर्टी सिटी या शहरात चौकात वळायचे असेल तर वेग आधीच कमी करावा लागतो. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर गाडीचे नाक खाली जाते, मागची बाजू हलकी होते आणि गाडी सरळ समोरच्या फुटपाथवर चढते. फाइव्हमध्ये त्याच वेगात नुसते वळवले तरी गाडी वळते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फोरमधील साधी सेडानसुद्धा इतकी डोलते की तेवढी आपल्या रस्त्यावरची कोणतीही धडधाकट कार डोलत नाही. त्या वेळी अनेक खेळाडूंनी या गाड्या पाण्यातल्या नावेसारख्या वाटतात अशी तक्रार केली होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. म्हणजे तुम्हाला जे खरे वाटते आहे ते मोजमापाने अचूक आहे असे नाही. चुकीच्या वेगाची किंमत तिथे मोजावी लागते, म्हणून ते खरे वाटते. माझ्या मते तीच बाजू जास्त महत्त्वाची आहे.

भुसावळ यार्ड

केळीपट्टा भाऊंनी गाडीचे उत्तम सांगितले. तंत्राची बाजू मी मांडतो, कारण मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

तिसऱ्या भागापासून सॅन अँड्रियासपर्यंतचे भाग रेंडरवेअर या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, उभे होते. त्यानंतर जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने स्वतःचे रेज हे इंजिन तयार केले, 2006 मध्ये टेबल टेनिसच्या एका गेमवर ते वापरून पाहिले आणि मग फोरसाठी घेतले. त्याच्या जोडीला नॅचरलमोशन या कंपनीचे युफोरिया हे तंत्र आले. आधीच्या भागांत माणूस पडण्याची हालचाल आधीच तयार करून ठेवलेली असे, त्यामुळे कोणीही कुठेही पडला तरी ठरावीक पद्धतीनेच पडायचा. युफोरियात धक्का लागला की शरीराचा तोल, सांधे आणि स्नायूंची प्रतिक्रिया त्याच क्षणी मोजली जाते. जिन्यावर धक्का बसलेला माणूस हात पुढे करून सावरू पाहतो, निसटत्या गाडीच्या दाराला धरलेला माणूस चार पावले ओढला जातो आणि त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा तीच घटना हुबेहूब तशी घडत नाही. नवे इंजिन आणि नवे तंत्र हाती आल्यावर त्या भागाचा सारा भर वजन आणि धक्का यांवर गेला, हे स्वाभाविकच होते.

आता फाइव्हकडे या. तो 2013 मध्ये प्रथम प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या यंत्रांवर आला, म्हणजे ज्या यंत्रांवर 2008 मध्ये फोर आला होता त्याच यंत्रांवर. प्रत्येक यंत्रात एकूण मेमरी 512 एमबी. तेवढ्याच जागेत शहर, डोंगर, वाळवंट, समुद्राचा तळ, वन्य प्राणी, विमाने आणि क्षणात बदलता येणारी तीन पात्रे बसवायची होती. अशा वेळी प्रत्येक धक्क्याचा आणि प्रत्येक पत्र्याच्या चुरगळण्याचा हिशेब पूर्वीइतका बारीक ठेवणे जड गेले असणार, असा माझा तर्क आहे. पण तंत्राची मर्यादा हे एकच कारण मी मानणार नाही, कारण 2014 आणि 2015 मध्ये हाच भाग ताकदवान यंत्रांवर व पीसीवर आला, त्यात पात्राच्या डोळ्यांतून पाहण्याची सोय नव्याने दिली गेली, पण गाड्यांचा स्वभाव तसाच ठेवला गेला. म्हणजे तो स्वभाव त्यांना हवा होता.

वेळेचाही एक तपशील आहे. सॅन अँड्रियासमध्ये गेममधील एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, त्यामुळे पूर्ण दिवस 24 मिनिटांत संपतो. फोर आणि फाइव्हमध्ये तोच दिवस 48 मिनिटांचा आहे. संध्याकाळ हळूहळू उतरते आणि लिबर्टी सिटीत पावसाची सर आल्यावर छत्र्या उघडून चालणारी माणसे नीट पाहता येतात, यात या संथ घड्याळाचा मोठा वाटा आहे, पण चर्चेत याचा उल्लेख सहसा होत नाही.

सातपुडा, नंदुरबार

मला हा सूर थोडा एकांगी वाटतो. फाइव्हमध्ये पोलिसांना आपण प्रत्यक्ष दिसलो तरच ते मागे लागतात. नकाशावर त्यांच्या नजरेचा टप्पा दिसतो आणि गल्लीत, झाडीत दडून बसता येते. फोरमध्ये एका वर्तुळाच्या बाहेर पडलो आणि थोडा वेळ पोलिसांच्या समोर आलो नाही की प्रकरण मिटत असे. यातील खरे कोणते? गाडीचे डोलणे कमी झाले म्हणून वास्तवपणाच कमी झाला, असे म्हणणे मला पटत नाही.

पांझराकाठ, धुळे

सातपुडा यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्यातूनच मूळ प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर मिळते. प्रत्येक भागात बनवणाऱ्यांनी खेळाडूकडून एखाद्याच गोष्टीची किंमत वसूल करायचे ठरवले आणि बाकीच्या गोष्टी सोप्या ठेवल्या, असे मला दिसते. सॅन अँड्रियासची कथा एका तरुणाच्या घडण्याची आहे, म्हणून तिथे शरीराची किंमत आहे. फोरमध्ये परक्या देशात आलेला, पैशाने आणि मनाने थकलेला माणूस आहे. तिथे पुलावरच्या टोलनाक्याला 5 डॉलर द्यावे लागतात, चुलतभाऊ रोमनचा फोन येतो आणि त्याला सारखे नाही म्हटले तर संबंध दुरावतात. अनेकांना या फोनचा कंटाळा आला, पण नाती सांभाळायला वेळ द्यावा लागतो ही गोष्ट इतक्या सरळपणे खेळात आणण्याचे धाडस मला आजही मोलाचे वाटते. फाइव्हमध्ये तीन नायक, लांबलचक रस्ते आणि दरोड्यांच्या योजना आहेत. त्यातील लॉस सँटोस शहराहून उत्तरेकडील पॅलेटो बेपर्यंत फोरमधील गाडी घेऊन पुन्हा पुन्हा जायचे असते तर बहुतेक खेळाडूंनी अर्ध्यातच खेळ सोडला असता.

शरीराचा हिशेब तर कायमचा गेलाच नाही. तो 2018 मध्ये त्याच कंपनीच्या रेड डेड रिडेम्प्शन 2 मध्ये परत आला. तिथे नायक आर्थरचे वजन घटते-वाढते आणि त्याचा दमावर परिणाम होतो, दाढी वाढते, साफ न केलेली बंदूक नीट चालत नाही आणि घोड्याला खरारा व चारा न दिल्यास तो लवकर थकतो. घोड्याच्या चालीने चालणाऱ्या संथ खेळात हे खपून जाते. फाइव्हमधील ट्रेव्हरला दर तासाला जेवू घालायची सक्ती केली असती तर ती कोणालाच रुचली नसती.

दुसऱ्या मालिकेतही असेच घडले आहे. 2002 च्या माफिया या गेममध्ये लाल दिवा ओलांडला किंवा वेगमर्यादा मोडली तर पोलीस दंड करतात, टाकीतील इंधन संपते आणि 1930 च्या दशकातील त्या गाड्या चढावर धापा टाकतात. शहरातून शांतपणे, मर्यादेत गाडी नेणे हाच त्या खेळाचा मोठा भाग होता. 2016 च्या तिसऱ्या भागात मात्र वेगमर्यादेचा तो धाक उरला नाही. ज्यांना गाडीचा जडपणा हवा आहे त्यांच्यासाठी त्यात गाडी चालवण्याचा वेगळा, अधिक कठीण पर्याय ठेवला, आणि पहिल्या भागाच्या 2020 च्या नव्या आवृत्तीतही तशी निवड दिली. माझ्या मते ही निवड खेळाडूच्या हाती देणे हाच चांगला मार्ग आहे आणि जीटीएच्या पुढच्या भागात तसे व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तापीकाठ, जळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पांझराकाठ भाऊ, रोमनच्या फोनकडे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. आता एक व्यावहारिक शंका विचारतो. फोरची पीसी आवृत्ती मी नव्या संगणकावर खेळत आहे आणि शेवटच्या मिशनमध्ये हेलिकॉप्टरला लोंबकळलेला निको कितीही वेळा बटण दाबले तरी वर चढत नाही. हा खेळाचा अवघडपणा आहे की माझ्या संगणकाचा काही दोष?

भुसावळ यार्ड

दोष संगणकाचा नाही. त्या खेळातील काही हालचाली दर सेकंदाला पडद्यावर दिसणाऱ्या फ्रेमच्या (चित्रांच्या) संख्येशी बांधलेल्या आहेत आणि नव्या संगणकावर ती संख्या फार वाढते, त्यामुळे बटण दाबण्याचा वेग त्याला पुरत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मिशनपुरती मर्यादा 30 फ्रेमवर आणा, निको वर चढेल. सॅन अँड्रियास खेळतानाही त्यातील फ्रेम लिमिटर बंद करू नका. तो बंद असेल तर सीजेचे पोहणे विनाकारण मंदावते, आणि तुमच्या तुलनेत तो दोष त्या भागाच्या माथी मारला जाईल.