मेलसेवेने पुन्हा रूप पालटलं. आता दुसरीकडे जावं का, आणि कुठे?

कारकून_कुणाचा
बरीच वर्षं वापरत असलेल्या मेलसेवेने परवा न विचारता सगळी मांडणी बदलली. नाव घेत नाही, कारण दुखणं एकाच कंपनीचं नाही. बटणांवरचे शब्द गेले, नुसती चित्रं उरली. जिथे 'डिलीट' होतं तिथे 'आर्काइव्ह' येऊन बसलं. पूर्वी एका नजरेत जेवढे मेल दिसायचे त्याच्या निम्मे दिसतात, मधे सगळी पांढरी पोकळी. वरच्या दोन ओळी मेलसारख्याच दिसणाऱ्या जाहिरातींच्या. आणि आता प्रत्येक मेलच्या डोक्यावर यंत्राने काढलेला सारांश. दोन ओळींच्या मेलचा तीन ओळींचा सारांश!

हे आजचं नाही. याहू मेलने 2013 मध्ये एकाच वेळी अनेक मेल उघडे ठेवायचे टॅब काढून टाकले तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती. गूगलने 2014 मध्ये 'इनबॉक्स' नावाचं वेगळं ॲप आणलं, लोकांना सवय लावली आणि 2019 मध्ये गुंडाळलं. संथ नेटवर चालणारं जीमेलचं साधं एचटीएमएल रूप 2024च्या सुरुवातीला गेलं. त्याच वर्षाअखेर मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं साधंसुधं मेल ॲप बंद करून सगळ्यांना नव्या आउटलुकमध्ये ढकललं.

फुकट आहे म्हणून आपण सोसतो, असं माझं मत. पैसे मोजून नीट सेवा घ्यावी. फास्टमेल, प्रोटॉन, झोहो, कुणाचा काय अनुभव?

मधली_सुट्टी
असहमत. दर वेळी हाच आरडाओरडा होतो आणि महिन्याभरात सगळे गप्प. 2004 मध्ये जीमेल आलं तेव्हा एका विषयाचे मेल एकाखाली एक लावणंही अनेकांना आवडलं नव्हतं. आज तेच नसलं तर चुकल्यासारखं होतं.

शिवाय आधी सेटिंग्ज उघडून बघा. निदान जीमेलमध्ये तरी ओळी दाटीने लावता येतात, टॅब बंद होतात, एका विषयाच्या मेलची ती साखळीही बंद होते. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी घरदार कशाला हलवायचं?

चष्मिष
दहा मिनिटं तुमची, हो. माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पेन्शनची कागदपत्रं मेलने पाठवण्याच्या पायऱ्या त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या, कोणत्या रंगाचं बटण, कुठल्या कोपऱ्यात, सगळं. एका रात्रीत ते पान रद्दी झालं. आता अटॅचमेंटसाठी मला फोन येतो. त्यात फिकट करड्यावर फिकट अक्षरं. ही पडदे आखणारी पोरं कधी चाळिशीची होणार की नाही?

तांबडी_माती
एवढा काथ्याकूट कशाला? झोहो घ्या. आपल्या तमिळनाडूची कंपनी. केंद्र सरकारचे मेल त्यांच्याकडे आहेत, ऑक्टोबर 2025 मध्ये अमित शहांनीही आपला पत्ता तिथे हलवल्याचं जाहीर केलं. आपला डेटा आपल्या देशात.

मधली_सुट्टी
मंत्र्यांनी हलवला म्हणून मी हलवू? त्यांच्याकडे बटण शोधून द्यायला माणसं असतात.

सर्व्हरमामा
मेलची कामं करूनच पोट भरतो, म्हणून जरा लांबड लावतो.

सगळे जण तीन गोष्टींची गल्लत करताय. डोळ्यांसमोरचा पडदा एक, मेल जिथे साठतात ती जागा दुसरी, आणि तुमचा पत्ता तिसरा. रूप पालटतं ते फक्त पडद्याचं. राग पडद्याचा असेल तर कंपनी बदलू नका, पडदा बदला. आयमॅप नावाची सोय 1986 पासून आहे; त्यातून थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तेच मेल वाचता येतात. कंपनीने वेबवर काहीही रंगवलं तरी तुम्हाला दिसत नाही. (थंडरबर्डनेही 2023 मध्ये रूप पालटलं आणि लोक चिडलेच. पण तिथून दुसऱ्या प्रोग्रॅमला जायला मेल हलवावे लागत नाहीत.)

म्हणून नवी सेवा निवडताना पहिला प्रश्न एवढाच: आयमॅप आहे का? तांबडी माती, झोहोच्या मोफत प्लॅनमध्ये ते नाही, पैसे भरले की मिळतं. प्रोटॉनमध्ये मेल कुलूपबंद साठतात, त्यामुळे मधे त्यांचा 'ब्रिज' नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि तोही पैसे भरणाऱ्यांनाच. फास्टमेल सरळ आयमॅप देतं, पण मोफत काही नाही.

कारकूनसाहेब, पैसे भरले की रूप पालटत नाही हा मात्र भाबडेपणा. नवं आउटलुक पैसे भरणाऱ्या कंपन्यांच्याही गळ्यात पडतंय. पैसे दिल्याने जाहिराती जातात आणि तक्रारीला माणूस मिळतो. बस.

आणि खरोखर सुटका हवी असेल तर पत्ता स्वतःच्या डोमेनवर घ्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं नाव पैसे भरून स्वतःच्या नावावर राखा. डॉट इन डोमेन साधारण हजाराच्या आतबाहेर पडतं वर्षाला. मग मागची कंपनी कितीदाही बदला, पत्ता तोच.

कारकून_कुणाचा
पडद्याचा मुद्दा पटला, थंडरबर्ड आजच टाकतो. पण राग फक्त पडद्याचा नाहीये. माझे मेल वाचून सारांश काढणारं यंत्र तिकडे त्यांच्या बाजूलाच चालतं ना? ते थंडरबर्डने कसं थांबेल?

सर्व्हरमामा
नाही थांबणार. सेटिंग्जमध्ये बंद करता येत असेल तर करा, नसेल तर तिथून निघायला ते कारण पुरेसं आहे. फक्त प्रोटॉनवर गेलात तरी समोरचा जीमेलवर असेल तर त्याला पाठवलेल्या मेलची प्रत गूगलकडे राहणारच, हे धरून चाला.

हिशेबी
स्वतःच्या डोमेनला माझा सक्त विरोध. हौशी लोकांचं ठीक आहे. बँक, डिमॅट, पीएफ, आयकर, विमा, सगळीकडे मेल बदलायचा. त्यात एखादी बँक शाखेत अर्ज द्यायला लावते. आणि एका वर्षी नूतनीकरण राहिलं की डोमेन दुसरा उचलणार आणि तुमच्या बँकेचे पासवर्ड बदलायचे दुवे त्याच्याकडे जाणार. उद्या मीच गेलो तर बायको डोमेन भरत बसणार का? जीमेलचा पत्ता एकदा गेला तर गेला, निदान दुसऱ्याला तरी देत नाहीत.

सर्व्हरमामा
जीमेलचं बरोबर, पण सगळे तसे नाहीत. याहूने 2013 मध्ये पडून असलेले आयडी नव्या लोकांना वाटले आणि जुन्या मालकांचे मेल त्यांना जायला लागले. डोमेन दहा वर्षांचं एकदम भरता येतं.

हिशेबी
आणि अकराव्या वर्षी?

चष्मिष
हिशेबींना अनुमोदन. सासऱ्यांचं डोमेन मलाच सांभाळावं लागेल. त्यांना थंडरबर्ड लावून देते, वहीत नवं पान लिहून.

सर्व्हरमामा
अगदी योग्य. त्यांना डोमेनची गरज नाही. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी एक: डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची आठवणही त्याच बंद पत्त्यावर येते.