'मिसयूज' : गैरवापर की दुरुपयोग?

मृणाल (सदाशिव पेठ) : जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठीची प्रश्नावली मराठीत आणतेय. ओपिऑइड म्हणजे मॉर्फीनसारख्या वेदनाशामक औषधांचा 'मिसयूज' वेळीच ओळखणं हा तिचा हेतू. दोन स्वतंत्र अनुवाद झाले. एकात 'गैरवापर', दुसऱ्यात 'दुरुपयोग'. उलट अनुवादात, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी करताना, दुसरा 'अब्यूज' होऊन परतला. कोणता ठेवावा? आणि ओपिऑइडला 'अफूजन्य' चालेल?

श्रीधर : अफूजन्य चूक. मॉर्फीन, कोडीन अफूच्या चिकात असतात. फेंटानिल, टॅपेंटाडॉल संपूर्ण कृत्रिम. फक्त परिणाम शरीरातल्या त्याच ग्राहींवर (रिसेप्टर्सवर). 'अफूसदृश' म्हणा. मराठीत घडवता येतं तिथे इंग्रजी कशाला?

विनया (वानवडी) : रुग्णाच्या कागदावर 'अफू' नकोच. "मी कुठे अफू खातो?" म्हणून सगळीकडे 'नाही' येईल. 'वेदनाशामक' लिहिलंत तर उलटी चूक, पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकही मोजली जातील. गोळ्यांची नावं छापा, शेजारी पाकिटांचे फोटो.

आणि प्रश्नांतून गैरवापर, दुरुपयोग दोन्ही काढा. गैरवापर म्हटलं की निधीचा, पदाचा आठवतो. दुखणं सोसेना म्हणून दोनऐवजी तीन गोळ्या घेणारा त्यावर 'नाही' म्हणेल, आणि अभ्यासाला नेमका तोच हवाय. कृती विचारा : 'गेल्या ३० दिवसांत लिहून दिल्यापेक्षा जास्त गोळ्या किती वेळा घेतल्या?' 'झोप यावी किंवा ताण जावा म्हणून घेतल्या का?' 'दुसऱ्या कुणाच्या घेतल्या का?' तिन्ही वेगळे ठेवा. एकात कोंबले तर 'हो' कशाला ते कळत नाही.

श्रीधर : प्रश्नांत ठीक. अहवालाच्या शीर्षकाला नाम लागतंच.

नसीम : अफू तरी कुठे घरची? ग्रीक 'ओपिऑन', अरबी-फारसी 'अफ्यून', मग आपली अफू. ओपिऑइडही त्याच ग्रीक मुळाचा.

श्रीधर : संस्कृत 'अहिफेन' विसरलात. सापाचा फेस.

नसीम : तो अफ्यूनलाच चढवलेला संस्कृत साज. संस्कृत वैद्यकात अफू उशिरा येते.

रेवती : मृणालताई, खरा धोका पुढच्या शब्दांत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फीन नियमित दिलं की शरीराला सवय होते. एकदम थांबवलं तर जांभया, नाक-डोळे वाहणं, जुलाब, अंगावर काटा. हे व्यसन नव्हे. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, ओपिऑइड वापराच्या विकाराचं निदान करायला ११ पैकी किमान २ निकष लागतात. औषध वैद्यकीय देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र डोस पुरेनासा होणं आणि हा त्रास हे दोन निकष धरत नाहीत. 'डिपेंडन्स' आणि 'ॲडिक्शन' दोन्हींना 'व्यसन' लिहिलंत तर घरची माणसं घाबरून मॉर्फीन बंद करतील आणि रुग्ण तळमळत राहील. पहिल्याला 'शरीराला सवय' लिहा. 'टॉलरन्स'ला, म्हणजे डोस पुरेनासा होण्याला, सहनशीलताही नको, तो गुण वाटतो.

विनया : औषध एकदम थांबवल्यावरच्या त्या त्रासाला, 'विथड्रॉवल'ला, 'माघार' तर मुळीच नको. गर्द ओढणारे 'टर्की' म्हणतात, पण कॅन्सर वॉर्डात ते कुणाला कळणार? 'औषध थांबल्यावर होणारा त्रास' लांब असलं तरी चुकत नाही.

मृणाल : प्रश्न असेच बदलते. मग काही रुग्णांना ते वाचायला देऊन, काय समजलं हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावते. शीर्षकात गैरवापर ठेवू?

श्रीधर : ठेवा. पण नसीम, अहिफेन उशिराचा म्हणजे उसना, हे सिद्ध होत नाही.

नसीम : मग 'अहि' आणि 'फेन'चा त्या चिकाशी संबंध काय, तो दाखवा.