माळरानावर झाडे लावावीत की गवत राखावे?

मूळ मुद्दा : माणदेशी
माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा उरलेला भाग, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात विरळ हिवर-बोरींच्या मधून पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते वाढणारी ही जुनी सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, आहे. जुन्या मराठी साहित्यातील काटेरी झाडांच्या आणि गवताच्या वर्णनांवरून संशोधकांनीही पश्चिम महाराष्ट्राबद्दल अलीकडे हेच दाखवले आहे. तरीही 2019 मधील 33 कोटी वृक्षलागवडीसारखी मोहीम आली की खड्डे घेण्यासाठी पहिली नजर माळाकडे जाते. खर्पुडीसारख्या वनस्पती वर्षाचा बराच काळ जमिनीखाली कंदरूपात असतात, त्यामुळे पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खोदताना त्या कोणाच्या लक्षातही न येता उखडल्या जातात, आणि पुढे लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या झाडांची सावली पडली की उन्हावर जगणारे गवत हटते. निदान गायरानावर लागवड करण्यापूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस तेथील वनस्पतींची नोंद व्हावी, अशी माझी मागणी आहे.

प्रतिसाद : आटपाडीचा शेतकरी
आपली मागणी मला मान्य नाही. जनावरे चारा छावणीत बांधण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनी टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य धरलेली जमीन, मोडून डाळिंब लावले, तर त्यात चूक काय? आणि झाडांचेच म्हणाल, तर सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचा उघडा डोंगर लोकांनी श्रम करून हिरवा केला आणि 1985 मध्ये तो अभयारण्य झाला. तेव्हा कोणी गवताची नोंद मागितली असती, तर ते काम सुरूच झाले नसते.

प्रतिसाद : वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, सातारा
येथे हवामानाचाही प्रश्न आहे. माळावरची बहुतेक गवते कमी कार्बन डायऑक्साइडमध्येही कार्यक्षमतेने वाढतात, हा त्यांचा झाडांवरचा वरचष्मा होता. औद्योगिकीकरणापूर्वी सुमारे 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) असलेले हे प्रमाण आता 420 च्या पुढे गेल्याने तो वरचष्मा कमी होत असून, झुडपांना आणि वेड्या बाभळीला बळ मिळत आहे. आफ्रिकेतील सव्हानांमध्येही झाडोरा दाट होत असल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे आपण एकही रोप लावले नाही, तरी माळ आहे तसा राहील याची खात्री नाही.

प्रतिसाद : जतकर
हवामानाचे कारण पुढे केले की स्थानिक निर्णयांची जबाबदारी कोणावरच राहत नाही, म्हणून मला ते पटत नाही. झुडूप वाढायला वर्षे लागतात आणि ते तोडताही येते. नांगर मात्र एका दिवसात फिरतो, आणि जुन्या गवताळ जमिनीतील वनस्पतींची विविधता भरून येण्यास शतकाहून अधिक काळ लागू शकतो. त्यात आता सौर प्रकल्पांसाठीही गायरानेच मागितली जात आहेत. माडग्याळी मेंढ्यांचे कळप राखणाऱ्या मेंढपाळांचे मत त्यात कोणी विचारत नाही, हे मात्र मूळ लेखकांनीही लिहिलेले नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
जतकरांचा आक्षेप योग्य आहे. नोंद करताना मेंढपाळ बरोबर हवेत, कारण कोणते गवत कोठे कमी झाले हे त्यांना आधी कळते. शिक्षिकाबाईंच्या मुद्द्यावरून मी उलट निष्कर्ष काढतो : हवा जर झुडपांच्या बाजूने झुकली असेल, तर त्यात आपण आणखी झाडांची भर घालणे अधिकच अनाठायी ठरते, आणि माफक चराई व वेड्या बाभळीची तोड यांची गरज वाढते. शेतकरी बंधूंच्या खाजगी रानाबद्दल मी काही म्हटलेले नाही. सागरेश्वरच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण ते अभयारण्य जेमतेम 11 चौरस किलोमीटरचे आहे. तोच नमुना प्रत्येक गायरानावर उतरवावा, हे त्यातून सिद्ध होत नाही. लागवड किंवा सौर प्रकल्पाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्याला वनस्पतींची यादी जोडलेली असावी, इतकीच अट ठेवली तरी आपला विरोध राहील का?

आटपाडीचा शेतकरी
गायरानापुरती असेल, तर नाही. मात्र यादी तयार नाही म्हणून चारा लागवडीचे काम अडवले, तर राहील.